खाट सातची शेवंती

मित्रांनो, तुमच्यासारख्या कितीतरी जणांना मी जन्मल्याबरोबर उचलून घेतलंय. तुम्हाला ते आठवायचं नाही, कारण त्या वेळी तुम्ही सगळे भोकाड पसरण्यात गुंग असता. मी प्रसूतिगृहातला एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी बैठक, वर पांढरं पारडं आणि पुढे आकडे कोरलेली दांडी. दांडीवरचं छोटं वजन सरकवायचं, दांडी स्थिर झाली की आकडा वाचायचा. उगाच बढाई मारत नाही, पण कुणाचं तोंड बघून मी कधी आकडा सांगितला नाही.

आज गल्लोगल्ली शेवंती नावाच्या मुली दिसतात. लोक म्हणतात, फुलाचं नाव, गोड वाटतं म्हणून ठेवतात. गोड आहेच हो! पण ते आमच्या गावात कसं रुजलं, ते मला विचारा.

माझ्यावर हुकूम चालायचा तो मोठ्या सिस्टरांचा. हात मऊ, जीभ तिखट. रोज सकाळी त्या बाळाला दुपट्यासकट पारड्यात ठेवायच्या आणि आलेल्या आकड्यातून दुपट्याचे साठ ग्रॅम वजा करायच्या. इतक्या वर्षांच्या सवयीने ते साठ त्यांच्या डोक्यातच बसले होते.

एका कडक थंडीत खाट सातवर एक बाई होती. तिला दोन महिने आधीच मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीवरच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘मुलगी, खाट सात’. बाईची यापूर्वी दोन बाळं गेली होती. दोघांचीही नावं तिने हौसेने आधीच ठरवली होती. म्हणून या वेळी तिने सगळ्यांना बजावलं होतं, वजन वाढेपर्यंत हिच्या नावाची गोष्ट काढायची नाही. ती पेटीकडे बघायचीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि तिचा नवरा दाराशी उभा राहून दोघींकडे आळीपाळीने बघायचा.

मुलीचं वजन मात्र रोज उतरत होतं. ते सांगायची पाळी माझ्यावर यायची, आणि खरं सांगतो, मला माझीच दांडी नकोशी व्हायची.

आठव्या दिवशी सिस्टरांनी आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. पोरगी पन्नास ग्रॅमने वाढली होती. त्या तशाच, मुलीला हातात घेऊन, खाट सातपाशी गेल्या. बाई उठून बसली. बाळाकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. तिथे सफाईवाल्या मावशींनी आणून ठेवलेली शेवंतीची कुंडी होती. बाकीची झाडं थंडीने माना टाकून बसली होती, ही मात्र भरभरून फुलली होती.

“हिचं नाव शेवंती,” ती म्हणाली.

सगळा वॉर्ड हसला, रडला. नवऱ्याने तर डोळे पुसायला सिस्टरांचाच पदर धरला असता, पण वेळीच सावरला.

तासाभराने सिस्टर मुलीचे कपडे बदलायला आल्या, दुपटं हातात घेतलं आणि थबकल्या. थंडी म्हणून मावशींनी त्या दिवशी नवं, जाड दुपटं गुंडाळलं होतं. सिस्टरांनी ते एकटंच माझ्या पारड्यात टाकलं. एकशे तीस ग्रॅम. म्हणजे मुलगी पन्नासने वाढली नव्हती, वीसने उतरली होती.

मावशी हळूच म्हणाल्या, गप्प बसा, बिचारी आज पोटभर जेवली, कागदावरचा आकडा तेवढा बदला. कुणालाही कळलं नसतं. पण सिस्टर सरळ खाट सातकडे गेल्या. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “वजन वाढलं नाही. उतरलंय.”

मला वाटलं, आता बाई पुन्हा भिंतीकडे वळणार.

“उतरलं तर उतरलं,” ती म्हणाली. “नाव दिलंय मी तिला. ते परत कसं घेऊ? आणा तिला इकडे.”

तिने पोरीला छातीशी घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ तिच्या कानाशी तेच नाव घेत बसली. त्यानंतर चौथ्या दिवशी दहा ग्रॅम वाढले. दहा ग्रॅम म्हणजे काय हो? दोन चमचे पाणी. पण त्या दिवशी सिस्टरांनी तीनदा वजन केलं, दुपटं काढून. ते दुधाने वाढलं, उबेने की नावाने, ते मला ठाऊक नाही. मला फक्त ग्रॅम कळतात. दीड महिन्याने शेवंती घरी गेली.

तेव्हापासून सिस्टरांनी पेटीवर नुसता खाटेचा नंबर लिहिणं बंद केलं. पहिल्याच दिवशी त्या आईला विचारायच्या, हिला काय म्हणून हाक मारू? आणि बायका म्हणायच्या, शेवंतीच म्हणा. खाट चारवरच्या बाईच्या सासूबाई कुरकुरल्या, हे काय म्हातारीचं नाव! पुढच्या वर्षी दुसऱ्या नातीसाठी त्यांनीच ते मागून घेतलं. आता तर शाळेतल्या बाई एका वर्गात लांब वेणीची शेवंती, चष्म्याची शेवंती आणि बडबडी शेवंती अशा हाका मारतात म्हणे.

आज माझ्या जागी आकडे चमकवणारं यंत्र आलंय आणि मी कोठीत धूळ खातोय. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मात्र मी खोटं बोलत नाही, म्हणून हेही सांगतो, सगळ्याच शेवंती घरी गेल्या नाहीत. एक तर जेमतेम दीड दिवस राहिली. पण तो दीड दिवस तिच्या आईने तिला कुशीत घेऊन हाका मारल्या. घरी जाताना तिने सिस्टरांकडे पेटीवरचं कार्ड मागितलं. त्यावर ‘शेवंती’ लिहिलं होतं. ते तिने नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, “मला शेवंती झाली होती, असं सांगता येईल.”

मित्रांनो, मी आयुष्यभर वजनं केली. तरी सांगतो, कुणाला जवळ घ्यायला आकडा वाढायची वाट पाहू नका.