सही तुमची, फी आमची

त्या संस्थेत तासांची देवघेव चाले. कुणाच्या मदतीला तासभर गेलं की त्याच्याकडून एक टोकन आपल्या मोबाईलवर यायचं. पण टोकन पुढे धाडायचं तर नेटवर्कची फी लागे, तीही वेगळ्याच डिजिटल नाण्यात. म्हातारीकोतारी माणसं ते नाणं कुठून आणणार? टोकनं नुसती पडून राहिली. म्हणून मी सोय केली: त्यांनी मोबाईलवर फक्त अंगठा टेकवून सही द्यायची, बाकी व्यवहार आमचा सर्व्हर पुढे नेणार आणि फी संस्था भरणार.

हे काम मी घरूनच करायचे. कधीकधी दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नसे.

तिसऱ्या आठवड्यात एक खातं नजरेत आलं. रोज सकाळी आठला एक टोकन स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात. दुसऱ्या दिवशी तेच परत.

"फुकट ते पौष्टिक!" संस्थेचे साहेब म्हणाले. "बंद करून टाक."

बंद करण्याआधी मी फोन लावला. खातं एका निवृत्त नर्सचं होतं. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

"स्वतःलाच का पाठवता, सिस्टर? दर वेळी फी संस्थेला पडते."

त्या म्हणाल्या, "अगं, पाठवलं की मोबाईल वाजतो. 'पोहोचलं' म्हणून बोलतो. हे गेल्यापासून सकाळी घरात दुसरा आवाज नाही."

"मग टोकन देऊन कुणाला बोलवा ना."

"कशाला बोलवू? हातपाय धड आहेत. नुसतं बसायला ये, असं सांगायची लाज वाटते गं."

तरी मी बंदी घातली. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी आठला त्यांची सही आली आणि नाकारली गेली. मी बघत बसले. त्यानंतर ते खातं गप्पच झालं. आठवडाभर मला आठ वाजले की चैन पडेना.

शेवटी मीच फोन केला. "सिस्टर, मला तासभर कुणीतरी हवंय."

"काय होतंय तुला?" त्यांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला.

"काही नाही. नुसतं बसायला."

त्या आल्या. माझा फ्रिज उघडून त्यांनी मला फैलावर घेतलं, खिडक्या उघडायला लावल्या, नाडीही पाहिली. तासाचे दोन झाले. एका तासाचंही टोकन माझ्याकडे नव्हतं. मी कधी कुणाच्या मदतीला गेलेच नव्हते. ते सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

"बुधवारी येईन, जमलं तर," चपला घालताना म्हणाल्या.

दार लावलं तेव्हा खोली आधीपेक्षा रिकामी वाटली. बुधवार अजून चार दिवस लांब होता.