तिसऱ्या खांबाची रजा

सोमवारी सकाळी रेल्वेवरच्या पुलाचा तिसरा खांब रजेवर गेला आणि त्याच्या जागी मला उभं करण्यात आलं.

खांबाची रजा बरीच साठली होती, असं मला आमच्या जुन्या बांधकाम खात्याच्या कार्यालयातून फोनवर सांगितलं. "टिल्लूसाहेब, पूल तुम्हीच डिझाइन केलेला. वजनाचा अंदाज तुमच्याइतका कुणाला असणार? दुसरी सोय होईपर्यंत जरा उभे राहा." मी निवृत्त माणूस. पेपर वाचून झाला की दुपारच्या जेवणापर्यंत मला काम नसतं. चपला घातल्या आणि गेलो. तुळई खांद्यांवर आली आणि मी दोन्ही हात वर करून ती धरली. भीती नंतर वाटली, आधी राग आला. वजन जास्त होतं.

हा पूल मी ट्रेसिंग पेपरवर काढला होता. आकडेमोड दोनदा स्वतः करायची आणि मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला करायला लावायची, अशी आमची पद्धत. तो चूक काढायला टपलेलाच असायचा, आणि त्याच्या त्या खोडीच्या भरवशावर लोक निर्धास्तपणे पुलांवरून जायचे. आता पूल आधी संगणकात उभा राहतो. तिथे तो पडत नाही, कारण तिथे पाऊस पडत नाही आणि कंत्राटदाराचा मेहुणा सिमेंट पुरवत नाही. माझ्या पुलाचं वजन मला तोंडपाठ आहे. पण पुढे दर पावसाळ्यानंतर वर डांबराचा नवा थर दिला गेला. जुना थर आधी खरवडायचा असतो. खरवडलेलं फोटोत दिसत नाही, म्हणून ते कुणी केलं नाही. ते सगळे थर आता माझ्या खांद्यांवर होते.

वर काय चाललंय ते मला खालून कळायचं. रिकामी एसटी खडखडत जाते. मोटारसायकली गुदगुल्या करतात. वाळूने भरलेल्या ट्रकचा मात्र आवाज येत नाही. तो नुसता बसतो.

दुपारी माझी बायको कुमुद डबा घेऊन आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पहिली शंका काढली ती योग्यच होती.

"मध्ये काही ठेवलं नाही का हो यांनी? थेट खांद्यावर?"

खांब आणि तुळई यांच्यामध्ये रबराची गादी असते. ती खांब जाताना सोबत घेऊन गेला होता. कुमुदने घरून जुनी सुती साडी आणली, तिच्या दोन घट्ट चुंबळी वळल्या आणि स्टुलावर चढून माझ्या खांद्यांवर सरकवल्या. मग मला पोळी-भाजी भरवली. त्या खात्यात मी उभी हयात काढली, पण इतकं मापात बसलेलं काम मी क्वचितच पाहिलं. तिचं मला कौतुक वाटलं आणि तसं मी तिला सांगितलं. "चावून खा," ती म्हणाली.

बुधवारी माझ्या उजव्या कोपरापाशी भेग पडली. रक्त आलं नाही. आत बारीक खडी दिसत होती.

प्रणाली वाघमोडे नावाची तरुण इंजिनिअर पाहायला आली. निवृत्तीच्या आधी मी प्रशिक्षणवर्ग घेत असे, तेव्हा ही पहिल्या बाकावर बसायची. हुशार मुलगी. तिने काचेची एक अरुंद पट्टी भेगेवर आडवी चिकटवली. ही पद्धत मीच शिकवलेली. भेग जागची हलली की काच तडकते. काच तडकली की वाहतूक बंद करायची आणि मगच पुढचं बोलायचं. पूल न सांगता पडत नाहीत, असं मी वर्गात म्हणायचो. सगळे लिहून घ्यायचे.

संध्याकाळी काच तडकली.

"तडकली बघ," मी म्हणालो.

"हो सर." तिने जुनी काच खरवडून काढली आणि नवी लावली.

"अगं, वाहतूक बंद कर."

"काच शाबूत आहे, सर."

मी कपाळाला हात लावला असता, पण हात मोकळे नव्हते.

"तपासणीच्या वेळी काच फुटलेली नसावी, असा नियम आहे," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. तिने टॅब माझ्यासमोर धरला. त्यावर पूल होता आणि तिसरा खांब हिरवा होता. त्याला कोपर नव्हतं.

"मी बोलतोय ते तरी वर कळव."

"खांबाच्या बोलण्याला यात जागा नाही, सर. मी शोधली."

मी ओरडलो. ओरडल्याबरोबर भेग हलली आणि नवी काचही तडकली. प्रणालीने तिसरी लावली. तेव्हापासून मी हळू बोलू लागलो.

शनिवारी सकाळी वजनाची चाचणी ठरली. पूल ठणठणीत आहे हे गावाला दिसावं म्हणून वाळूने भरलेले ट्रक वर एकामागे एक उभे करणार होते. आमच्या खात्यात एक रीत होती. चाचणीच्या वेळी पूल डिझाइन करणारा इंजिनिअर स्वतः खाली उभा राहायचा. याच पुलाच्या पहिल्या चाचणीला मी असाच उभा होतो. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. कुमुद न विचारता आली आणि पेढ्यांचा पुडा घेऊन शेजारी उभी राहिली. वर ट्रक येत होते आणि ती मला पेढा देत होती. त्या दिवशी मला कसली म्हणून धास्ती नव्हती. पूल किती पेलणार हे मला माहीत होतं.

शनिवारी ती पुन्हा आली. पेढ्यांचा पुडा होताच.

"तू घरी जा," मी हळू म्हणालो.

"तेव्हा उभी होते की."

"तेव्हा खांब होता, कुमुद."

"आणि आता तुम्ही आहात. खांबाला कुठे मी ओळखत होते?"

"हे पेलणार नाही. मी हिशेब केलाय."

"मग तुम्ही निघा. तुम्ही निघालात की मीही निघते."

मी निघालो तर पूल तिथल्या तिथे खाली येणार होता, हे तिलाही माहीत होतं. मला रडू आलं. तिने पदराने माझे डोळे पुसले, कारण मला ते पुसता येत नव्हते. मग मी तिला टाकून बोललो. तुला अक्कल नाही, तू नेहमी मध्ये मध्ये करतेस, असं जिव्हारी लागेल ते सगळं, पण हळू आवाजात. हळू आवाजात कुणाला घालवून देता येत नाही. ती चुंबळ नीट करत राहिली.

प्रणाली फोनवर बोलत होती. "हो साहेब, टिल्लूमॅडम खाली उभ्या आहेत. स्वतः आल्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, घाबरलेल्या वाटत नाहीत. मग हरकत नाही ना? पाठवा ट्रक."

"तिला आधी बाहेर काढ," मी म्हणालो.

"सर, तुम्ही खांबात धरले आहात. खाली मॅडम आहेत म्हणून तर परवानगी मिळाली."

पहिला ट्रक येऊन बसला. काच तडकली, प्रणालीने नवी लावली. दुसरा बसला. माझ्या गुडघ्यातून सिमेंटची भुकटी सांडू लागली. ती कुमुदच्या पायांवर पडत होती आणि ती पाय मागे घेत नव्हती. काच पुन्हा तडकली. प्रणालीने काचांचा डबा उलटा करून पाहिला. तो रिकामा होता.

"काच नसेल तर पुढचा ट्रक घेता येणार नाही," ती म्हणाली. "चाचणी थांबवावी लागेल."

माझा जीव भांड्यात पडला. वर्गातलं एवढं तरी तिच्या लक्षात राहिलं होतं.

"काचच हवी ना?" कुमुद म्हणाली आणि तिने चष्मा काढला.

"कुमुद, नको."

"असू दे हो. घरी दुसरा आहे. तुमचं काम अडायला नको."

प्रणालीने फ्रेममधून एक काच सोडवली आणि माझ्या कोपरावरच्या भेगेवर चिकटवली. हात झटकून ती बाहेर उन्हात गेली आणि तिने वर पाहून अंगठा दाखवला. कुमुदचा चष्मा जवळचं वाचायचा. त्या काचेखाली भेग बोटभर रुंद दिसत होती आणि तिच्यातले खडे हळूहळू एकमेकांपासून सरकत होते. कुमुदला आता त्यातलं काही दिसत नव्हतं. तिने चाचपत माझ्या तोंडात पेढा घातला.

"काच शाबूत आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

वर तिसरा ट्रक पुलावर आला. त्याचा आवाज आला नाही.