बैठकीच्या छतावरचं आभाळ

मी एक जुनी सागवानी फळी आहे, मित्रांनो. उंचावरच्या कामाला परांची बांधतात ना, तिच्यावरची. आता मधोमध वाकले आहे, फार बोलवत नाही. पण एवढं सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

शिरपूरच्या दिलावर रंगाऱ्यानं मला १९२१ साली मानोऱ्याला नेलं. जगदेव पाटलांना बैठकीचं छत रंगवून हवं होतं. दिलावरजवळ इटली देशातल्या एका छताचं छापील चित्र होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा रंगाऱ्यानं सपाट छतावर उंच खांब आणि वर उघडं आभाळ काढलेलं. "आपुन बी असंच करू," दिलावर म्हणाला. झालं! दीड वर्ष तो माझ्यावर उताणा पडून होता. रंग डोळ्यांत गळायचा, मान आखडायची. त्याची पाठ आणि माझी पाठ, दोन्हींचा पार भुगा झाला.

काम संपलं. पाटील भिंतीशी आपल्या गादीवर टेकले, वर बघून ओरडले, "अबे, खांब माह्या अंगावर पडून राह्यले! पुसून टाक!"

"मालक, मधात येऊन पाहा. तिथूनच सरळ दिसते," दिलावरनं विनवलं. पण पाटील गादीवरून उठतील तर शपथ!

खोलीच्या मधोमध त्यांच्या आईची, तुळसाबाईंची, खाट होती. बिचारी अंगानं लुळी. ती म्हणाली, "जगदेवा, मी हाये तोवर हात लावू नको. मले बाहेर कोण नेते? माहं आभाळ हेच."

म्हणून चित्र तीन वर्षं राहिलं. मग ती गेली. तेरावं झाल्यावर पाटलांनी चुना फासायला सांगितलं. परक्या हातानं पुसलं जाऊ नये म्हणून दिलावर स्वतःच आला. पुन्हा माझ्यावर उताणा झाला. त्या दिवशी त्याचं ओझं मला सोसवेना.

अर्धं छत पांढरं झालं. जागरणानं थकलेले पाटील खाली जाजमावर, आईची खाट असायची तिथंच, आडवे झाले. नजर वर गेली. उरलेले खांब ताठ उभे होते आणि त्यांच्यावर निळंशार आभाळ होतं.

"थांब रे, थांब!" पाटलांनी पडल्या पडल्याच हात वर केला. "माय रोज हे पाहात होती? मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं मालक. तुमी उठलेच नाही."

मित्रांनो, कुणाची मेहनत पुसण्याआधी एकदा आपल्या जागेवरून उठा. दिलावरनं मग महिनाभर ओल्या फडक्यानं तो चुना पुसला. चुन्याबरोबर रंगही निघून आला.