भिंतीच्या आतली बाहेरची जागा

डोंगरपट्टीतली नवसी शेवटी मिशनच्या कब्रस्तानात आत गेली. पण ख्रिस्ती मंडळीच्या पंचांना ते मान्य नाही, तेव्हा ती गेलीच नाही असं धरून चालू.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. नवसीचा नवरा झिपरू तिथे दगड वाही आणि रविवारी घिवलीजवळच्या छोट्या चर्चमध्ये मागे चटईवर बसे. दोघांनी बाप्तिस्मा घेतला त्याच वर्षी नवसी तापाने गेली. तिला जागा मिळाली ती कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर. डोंगरातल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी रीतभात शिकेपर्यंत बाहेर राहायचं, असा नियम होता. पुरल्यावर रीतभात कशी शिकायची, हे नियमात नव्हतं.

झिपरूने विनवून पाहिलं, मग दमून सोडून दिलं.

पावसाळ्यात ती भिंत कोसळली. खाऱ्या वाऱ्याने आधीच खाल्ली होती. मुख्य पंच भगवंतमामा नगरकडचे. त्यांच्या आजोबांना गावाने वेशीबाहेर ठेवलेलं, त्यामुळे बाहेर कसं ठेवतात याची घरात माहिती होती. त्यांनी झिपरूला बोलावलं.

"गवंड्यांच्या हाताखाली असतोस ना? देवाची सेवा म्हणून भिंत बांध."

"बांधतो, मामा."

भिंत सरळ आली, नवसीच्या थडग्यापाशी पोट काढून बाहेर गेली, तिला कवेत घेऊन परत वळली.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"भिंत हाय."

"वाकडी का?"

"दमलो, मामा. दमलेला मानूस सरळ चालत नाय."

"पाडून टाक."

"पाडतो. पन परत बांधायला मीच येनार ना? मंग अशीच व्हनार."

सभा भरली. देवाच्या घरात कोणी परका नाही, असं पाळकसाहेब नुकतंच प्रवचनात बोलून बसले होते, म्हणून त्यांना सभेच्या दिवशी सर्दी झाली. ठराव झाला: भिंत आहे तशी राहावी, मात्र पोटातला भाग बाहेरचा समजावा.

ठराव ऐकून झिपरू मामांपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "आता माजं पन लिवून घ्या, मामा." मामांनी सवयीने लिहून घेतलं:

"मेहेरबान पंचसाहेबांस अर्ज. मी मेलो की मला नवसीशेजारी, बाहेरच्या त्या आतल्या जागेत ठेवावे. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना उठवायला कर्णा वाजेल, तेव्हा आतल्यांचा वेगळा आणि बाहेरच्यांचा वेगळा वाजवू नये. आम्ही फार दमलेले आहोत. दुसऱ्या कर्ण्याला जाग येईल असा भरवसा नाही. तरी वर कळवून एकाच कर्ण्यात भागवावे, ही विनंती."