पप्पांनी लावलेली गिटार

शर्वरीचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, मैत्रीण एवढी मोठी झाली, तुला अभिमान वाटत असेल. वाटत नाही. पोटात दुखतं.

आम्ही दोघी जयपूरला एकाच शाळेत होतो. तिचे बाबा फौजेत, साताऱ्याकडचे. माझे पप्पा, भीमराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यात, मूळचे अकोल्याचे. कॉलनीतल्या भीमगीतांच्या मंडळात ते पेटी वाजवायचे. त्यांनी मला गिटार आणली खरी, पण ती लावायची कशी हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पप्पांनी पेटी पुढ्यात ओढली आणि सहाच्या सहा तारा सा आणि प वर लावून टाकल्या. तार म्हटली की तंबोरा, एवढंच त्यांना माहीत. गिटारच्या हिशेबाने ते साफ चूक होतं, पण नुसती बोटं फिरवली तरी खोली घुमायची. त्या चुकीच्या तारांवर कुठे काय दाबायचं ते मी शोधून काढलं आणि शर्वरीला शिकवलं. तिने स्वतःची गिटार घेतली, तीही पप्पांकडूनच लावून नेली.

पुढे जवाहर नगरच्या क्लासमधले सर माझी गिटार ऐकून पोट धरून हसले. मी शरमेने अर्धी झाले आणि त्याच दिवशी तारा चारचौघांसारख्या लावून घेतल्या. शर्वरीने तिच्या तशाच ठेवल्या. हे मी तिला कधी माफ केलं नाही.

ती शिकायला लीड्सला गेली आणि ‘साल्ट विंडो’ नावाच्या बँडमध्ये शिरली. तीन गोरे आणि ही. शूगेझ म्हणतात त्या संगीताला. वाजवणारे सगळा वेळ मान खाली घालून पायाशी ठेवलेली आवाज बदलायची बटणं दाबत असतात, म्हणून बूट बघणारे. गिटारींचा असा काही लोंढा सोडतात की गाणाऱ्याचा शब्द कुणाला कळू नये, आणि कळला नाही म्हणून लोक खूश.

त्यांची पहिली रेकॉर्ड एका लाँड्रीच्या तळघरात झाली. विकली गेली नाही. मला बरं वाटलं. दुसरीनंतर ड्रमर सोडून गेला, त्या दिवशी मी घरी शिरा केला. मग रेकॉर्ड कंपनीने हात झटकले. शर्वरी कुठल्याशा कॅफेत कप विसळते असं कळलं, तेव्हा मी तोंडाने ‘अरेरे’ म्हटलं आणि मनात टाळ्या वाजवल्या. आणि एके वर्षी कुणीतरी मोबाइलवरच्या व्हिडिओखाली त्यांचं जुनं गाणं लावलं. झालं. जो तो त्याच गाण्यावर आपली खिडकी, आपलं मांजर, आपला पाऊस दाखवायला लागला. मोठमोठे महोत्सव, अमेरिका, जपान. मासिकांत लेख आले: हा गूढ, घुमणारा सूर येतो कुठून?

शर्वरी प्रत्येक मुलाखतीत हसून सांगायची की जयपूरच्या उन्हाने एकदा तारा सैल पडून गिटार उतरली आणि तो सूर मला सापडला.

सापडला म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा, फक्त एकदा तिने पप्पांचं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं. माझं नाही घेतलं तरी चाललं असतं, असं मी स्वतःला सांगायचे.

गेल्या शनिवारी साल्ट विंडो जयपूरला आले. झालानातल्या एका सभागृहात कार्यक्रम होता. त्यांचा साउंडवाला पोट बिघडून दिल्लीतच राहिला, आणि आयोजकांनी मला फोन केला. मी इथे साउंडचंच काम करते. नाही म्हणायला हवं होतं. पण तिला जवळून बघायची खाज काही जाईना.

दुपारी तालमीला शर्वरी येऊन गळ्यात पडली. तिचं मराठी आता बोर्डिंगातून सुट्टीला आलेल्या पोरीसारखं झालंय. “काका येतायत ना? त्यांना पुढच्या रांगेत बसव, प्लीज.”

मी मनात म्हटलं, हो, तुझा थाट बघायला बसवते.

कार्यक्रम रंगला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी येण्याइतकं चांगलं वाजवलं त्यांनी, आणि त्याने माझा जळफळाट आणखीच वाढला. शेवटी त्या प्रसिद्ध गाण्याची वेळ आली. दिवे मंद झाले आणि शर्वरी बोलायला माइकजवळ सरकली. ‘या गाण्याची गोष्ट,’ एवढं म्हणाली, आणि मला पुढचं सगळं आधीच ऐकू आलं: ऊन, उतरलेली गिटार, सापडलेला सूर. आमच्या गावात, पप्पांच्या तोंडावर. मी तिचा माइक बंद केला.

लोकांना वाटलं बिघाड झाला. शर्वरीला स्वतःच्या समोरच्या स्पीकरमध्येही काही येत नव्हतं, पण ती कानांत बोळे घालूनच वाजवते, तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या हेडफोनवर मात्र बंद माइकही ऐकू येतो.

ती म्हणत होती, “मी इतकी वर्षं खोटं सांगितलं. गिटार उन्हाने उतरली नव्हती. भीमराव काकांनी पेटीवर लावून दिली होती. वाजवायला शिकवलं गौतमीने. ती तिथे मागे बसलीय. आज आमचा आवाज तिच्या हातात आहे. काका, तुम्ही उभे राहा ना.”

माझा हात बटणाकडे गेला तोवर नव्या ड्रमरने काठ्या आपटल्या होत्या. मान खाली घालून चौघं सुरू झाले. पप्पा पुढच्या रांगेत बसून होते, आजूबाजूचे टाळ्या वाजवत होते म्हणून तेही वाजवत होते.

कार्यक्रम संपल्यावर शर्वरी धावत खाली आली आणि त्यांच्या पाया पडली. तिचा चेहरा उतरला होता. “काका, उभे का नाही राहिलात? एवढा राग आहे माझ्यावर?”

पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वायर गुंडाळत होते, नजर वर उचलवेना.

“राग कायचा, बाई? गुडघे धरले होते माझे. उभं नाही राहता आलं.”

विहारात दर रविवारी उभं राहून गाणारा माणूस हा. शर्वरी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मला ती त्या क्षणीही आवडली नाही, आणि त्याची मला लाज वाटली.

स्कूटरवर पप्पा मागे बसले. सीकर रोड लागला. मुरलीपुऱ्याच्या वळणाला म्हणाले, “काय म्हणत होती ती पोरगी? आता मले तरी सांग.”

मी सांगितलं. ट्रकांच्या आवाजावर ओरडून सांगितलं, त्यांचं नाव, पेटी, तारा, ‘काका, उभे राहा ना’, सगळं.

“पुन्हा सांग,” ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. दोन्ही वेळा एक वाक्य मात्र गाळलं. आज आमचा आवाज तिच्या हातात आहे, हे काही तोंडातून बाहेर पडेना.