पुसलेलं मळभ

मी एक कॅमेरा आहे आणि सध्या रागात आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ‘एवढा का चिडलाय बुवा’ असं मधेच कुणी विचारायला नको. वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं, मालकाचे उपकार मानायचे असतात, असा रिवाज आहे म्हणे. ज्यांना तो पाळायचाय त्यांनी खुशाल पाळावा. मी जे पाहिलं, त्यानंतर गोड बोलणं मला जमणार नाही.

डोक्याला टोप्या लावलेल्या बायकांनी एका मोठ्या, स्वच्छ कारखान्यात मला जोडलं. त्यांचे हात फार हलके होते, तेवढं सुख मला आठवतं. मग थोरल्या मालकांनी मला विकत आणलं. त्यांचा पुढे स्टुडिओ, मागे घर आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे सगळी माणसं हसायची. पलीकडे काय चालायचं ते विचारू नका.

ओळखपत्राचे फोटो काढण्यात माझी पहिली वर्षं गेली. खुर्चीवर बसलं की माणूस श्वास रोखून धरतो, जणू मी त्याचा दातच उपटणार आहे. ‘मान वर, हनुवटी खाली’ असं थोरले मालक सांगायचे. ही दोन्ही कामं एकदम कशी करायची, हे आजवर एकाही गिऱ्हाइकाला कळलेलं नाही.

थोरल्या मालकांचा एक नियम होता. मळभ आलं की मला बाहेर काढायचं नाही. आभाळ भरलेलं असताना काढलेल्या फोटोत माणूस आजारी दिसतो, असं त्यांचं ठाम मत. लग्नाचं किंवा दुकानाच्या उद्घाटनाचं काम अगदीच टाळता आलं नाही, तर नंतर त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मालक, कॉम्प्युटरवर बसून वरचं आभाळ बदलायचे. त्यासाठी स्टुडिओकडे एक निळं आभाळ होतं. एकच. त्यात एक मोठा ढग आणि त्याच्यामागे कोंबडीच्या पिलाएवढा एक धाकटा ढग. आमच्या वस्तीतल्या कुठल्याही घरात जा आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघा. नवरा-नवरीच्या मागे ते पिल्लू, दुकानाच्या पाटीमागे ते पिल्लू, कुणाच्या आजोबांच्या शेवटच्या फोटोतही ते पिल्लू. लोक वर म्हणतात, ‘काय छान दिवस होता तो!’ अहो, कसला छान? छत्र्या फोटोच्या बाहेर ठेवल्या होत्या, मी पाहिल्यात.

आभाळच नाही, धाकटे मालक सगळंच पुसायचे. तीळ, व्रण, भिंतीवरचे डाग. एका आजीबाईंच्या सुरकुत्या त्यांनी इतक्या मनापासून पुसल्या की त्यांच्या नातीने ‘ही कोण?’ म्हणून विचारलं. आणि हा माणूस मनाने वाईट नाही, हेच माझं खरं दुखणं आहे. वाईट माणसावर निदान धड रागावता तरी येतं.

पुढे नवा कॅमेरा आला आणि माझी रवानगी खणात झाली. शेजारी वाळलेला डिंक, संपलेल्या बॅटऱ्या आणि एक मोडकी कात्री. तिथे मी किती काळ पडून होतो कोण जाणे. गरज सरो, वैद्य मरो, असं लोक म्हणतात ते उगाच नाही.

त्या खणातून मला बाहेर काढलं ते सूनबाईंनी, म्हणजे धाकट्या मालकांच्या बायकोने.

सूनबाई चादरी-पडद्यांच्या एका कारखान्यासाठी नक्षी काढून द्यायच्या. घरातलं सगळं आवरलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसायच्या. त्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. कारखान्याची एक अट होती. मागे कुणीतरी दुसऱ्याची नक्षी उचलून स्वतःची म्हणून खपवली होती आणि कारखान्याची चारचौघांत छी-थू झाली होती. तेव्हापासून नव्या नक्षीबरोबर ती कशावरून सुचली ते दाखवावं लागे. फुलाची नक्षी असेल तर त्या फुलाचा फोटो जोडायचा.

पण सूनबाईंची फुलं संपली होती. नक्षीचं खातं सांभाळणाऱ्या कारखान्यातल्या बाईंनी त्यांना फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, की या हंगामाला काही नवं आलं नाही, तर त्या दुसरं कुणी बघतील. सूनबाई कोऱ्या कागदापुढे बसून पेन्सिलीला नुसतं टोक करत राहायच्या. बागेत जाऊन बसावं म्हणजे सुचतं, असं थोरल्या मालकांनी सुचवलं, पण ऊन पडल्यावर जा म्हणाले. ऊन कुठलं? कित्येक दिवस मळभ हटायला तयार नव्हतं.

एकदा खोडरबर शोधताना त्यांच्या हाताला मी लागलो. त्यांनी माझ्यावरची धूळ पदराने पुसली, बॅटरी चार्ज केली आणि ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हणून मला गळ्यात अडकवून त्या बाहेर पडल्या. मी मळभात पहिल्यांदाच मोकळा फिरत होतो.

सुरुवातीला काही म्हणता काही जमेना. त्या किल्ल्या हरवल्यासारख्या जमिनीकडे बघत चालायच्या. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने विचारलं, “काय हरवलं, वहिनी?”

“काहीतरी हरवलंय खरं,” त्या म्हणाल्या. “काय ते सापडलं की सांगते.”

आम्ही रोज जायचो. त्याच गल्ल्या, तेच वळण, तोच बंद पडलेला नळ. मळभात कशाचीच सावली पडत नाही, त्यामुळे एरवी जे झाकलं जातं ते सावकाश डोळ्यांत येतं. आणि मग एके सकाळी गल्लीतल्या जुन्या गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी सूनबाई थबकल्या. हवेतल्या ओलीने गिलावा दमट झाला होता आणि त्याच्या आतल्या विटा बाहेरून दिसायला लागल्या होत्या. ओळीवर ओळी, फिकट आणि गडद. मधोमध एक कमान होती. तिथे पूर्वी कधीतरी खिडकी असणार, ती बुजवून वरून गिलावा केलेला. लग्न झाल्यापासून त्या या भिंतीजवळून जात होत्या, पण उन्हात ती नुसती कोरी पांढरी असते.

त्यांनी भिंतीला हात लावला. मग मला डोळ्याला लावलं.

पुढच्या गल्लीत एक बुजवलेलं दार सापडलं, त्याच्या पलीकडे पांढऱ्या रंगाखाली दडलेली जुनी अक्षरं. सूनबाई भराभरा चालत होत्या आणि त्यांच्या बोटाखालचा माझा खटका थांबत नव्हता. प्रेरणा वगैरे मोठे शब्द मला समजत नाहीत. घरी येऊन त्यांनी मला समोर ठेवलं, माझ्या पाठीवरच्या पडद्यात बघत कमानी आणि विटा कागदावर उतरवायला घेतल्या आणि चहा गार झाला तरी मान वर केली नाही, एवढं मी पाहिलं. मला त्या दिवशी माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

चित्रं कारखान्यातल्या बाईंना फार आवडली. असं काही त्यांनी बघितलंच नव्हतं. आता ज्यावरून सुचलं ते फोटो पाठव, म्हणजे लगेच छापायला घेते, असा त्यांचा निरोप आला. स्टुडिओच्या कॉम्प्युटरला धाकट्या मालकांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा शिरस्ता. सूनबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं आणि फोटो तेवढे पाठवायला सांगितलं.

पुढचं मी टेबलावर बसून उघड्या डोळ्याने पाहिलं. मला हात असते तर मी त्या माणसाचा हात धरला असता. फोटो बघून ते चुकचुकले. बिचारीला कसल्या ओल आलेल्या भिंती मिळाल्या, असं काहीतरी पुटपुटले आणि कामाला लागले. विटा पुसल्या. कमान पुसली. दडलेली अक्षरं पुसली. भिंती कालच रंगवल्यासारख्या गुळगुळीत केल्या, वर ते निळं आभाळ बसवलं आणि कोपऱ्यात कोंबडीचं पिल्लू. मूळ फोटोंच्याच जागी नवे साठवले, कारखान्याला पाठवले आणि काम संपलं की कार्ड कोरं करायचं या सवयीने माझं पोट रिकामं करून टाकलं. मग शीळ घालत जेवायला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला तळपाय नाहीत, माझं तिपाईवर भागतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज इतका चढा होता की मलाही ऐकू आला. या फोटोंत एकही वीट नाही, एकही कमान नाही, मग ही नक्षी कुठून उचललीस? सूनबाई ‘थांबा, मी बघते’ म्हणत स्टुडिओत आल्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे फोटो पाहिले.

“तू भिंती पुसल्यास?”

“अगं, डाग होते नुसते. किती घाण दिसत होतं. बघ आता.”

“ते डाग म्हणजे माझं काम होतं.”

“म्हणजे काय?” धाकटे मालक म्हणाले, आणि त्यांना खरंच कळलं नव्हतं. थोरले मालक पडद्याआडून म्हणाले, एवढं काय झालं, फोटो आधीपेक्षा बरे दिसतायत की.

सूनबाई मला उचलून चपला न घालता गोदामाकडे धावल्या. पण त्याच सकाळी आभाळ उघडलं होतं. लख्ख ऊन पडलं होतं आणि भिंत वाळून कोरी झाली होती. रस्त्यावरची माणसं उन्हाकडे बघून खूश होती. त्या भिंतीसमोर उभ्या राहून सूनबाई रडल्या. मूळ फोटोच उरले नव्हते, त्यामुळे बाईंनी काही ऐकून घेतलं नाही. हंगामाचं काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं आणि वर चोरीचा आळ राहिला तो राहिलाच.

आता यानंतर माणसाने गप्प बसावं की नाही? पण धाकट्या मालकांना वाईट वाटत होतं. बायकोची समजूत काढायची म्हणून त्यांनी त्या पुसलेल्या फोटोंपैकी एक मोठा करून, चौकटीत बसवून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. खाली ठळक अक्षरांत सूनबाईंचं नाव. याला म्हणतात जखमेवर मीठ, आणि तेही मायेने चोळलेलं. येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, ‘वा, वहिनी! किती छान दिवस टिपलाय!’ सूनबाई मान हलवायच्या आणि पडद्यामागे जायच्या. मी कपाटावरून ते रोज बघत होतो आणि रोज जळत होतो.

मग परवा पुन्हा मळभ आलं. आभाळ खाली उतरलं, हवा दमट झाली. सूनबाईंनी कुणाला काही न सांगता मला गळ्यात घातलं. गोदामाची भिंत बोलायला लागली होती. विटा होत्या, कमान होती, पलीकडच्या गल्लीतलं दारही होतं. सगळं टिपून त्या तशाच बसने कारखान्यात गेल्या आणि माझ्या पाठीवरचा पडदा त्यांनी बाईंच्या समोर धरला. शेजारी जुनी चित्रं ठेवली. बाईंनी एकेक कमान चित्राशी ताडून पाहिली. त्यांनी आपले शब्द मागे घेतले. पण यंदाचं कापड छापून झालं होतं. पुढच्या हंगामाला ये, म्हणाल्या. पुढचा हंगाम लांब आहे.

आम्ही घरी आलो तेव्हा धाकटे मालक स्टुडिओत एकटेच होते. माझ्याकडे बघून त्यांनी सवयीने हात पुढे केला. “दे कार्ड. या वेळी हलकासाच हात फिरवतो.”

सूनबाईंनी कार्ड काढून मुठीत धरलं. मग स्टूल ओढून घेतलं, वर चढल्या आणि ती चौकट खाली उतरवून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

“हा मी काढलेला नाही,” त्या म्हणाल्या. “खाली तुझं नाव घाल.”

धाकटे मालक चौकटीकडे बघत राहिले. त्यांना किती कळलं मला ठाऊक नाही, आणि मला त्याच्याशी देणंघेणंही नाही. मी सध्या सूनबाईंच्या टेबलावर असतो. माझी काच थोडी ओरखडलेली आहे, बॅटरी लवकर उतरते, फार दिवस मी चालेन असं वाटत नाही. जाण्याआधी तुम्हाला एकच सांगतो, आणि विनवणी म्हणून नाही, दम देऊन सांगतो. तुमच्या घरातलं कुणी मळभातून काही टिपून आणलं आणि विश्वासाने तुमच्या हातावर ठेवलं, तर ते सुधारायला बसू नका. आधी बघा. दिसलं नाही, तर त्यालाच विचारा.