म्हाताऱ्याची टोपी

तामाएनं सगळी राख एकाच दिवशी टाकून दिली. सगळी म्हणजे अगदी सगळी, हिवाळाभर चुलीतून काढून, चाळून, गोठ्याच्या माळ्यावर पोत्यांत कोरडी जपून ठेवलेली. आणि टाकताना इतकी खुशीत होती की गाणं म्हणत होती. वरच्या घरातल्या हात्सुआजींनी ते ऐकलंय, अजून चाल लावून म्हणून दाखवतात.

आता राखेशिवाय आमच्याकडे वसंत येतो का? बर्फ अजून खिडकीपर्यंत असतो आणि भाताचं बी भिजत घालायची वेळ होते. मग ओढ्याकाठच्या वाफ्यावर राख फेकायची, राख ऊन ओढते, बर्फ खाली बसत जातो, जमीन उघडी पडते आणि रोपं वेळेवर होतात. वाफा उशिरा उघडला की रोपं उशिरा, आणि मग दाणा भरायच्या आधीच थंडी येते नि वर्षभर पोचट भात पाखडत बसायचं.

पण तामाए पडली समुद्रकाठची. खाली बंदरावरच्या गावातून लग्न होऊन आली ती पानं गळायच्या दिवसांत. तिच्या गावचा बर्फ म्हणजे आला आणि गेला. नवरा किइचि लग्न झाल्या झाल्या बोगदा खणायला शहरात गेला, इथले सगळेच पुरुष हिवाळ्यात जातात तसा. राहिली ती आणि सासू, तोसेबाई. त्यात तोसेबाईंचा पाय दारातच घसरून मुरगळला, त्या चुलीपाशी बसून आणि वाफा आला तामाएच्या गळ्यात. तोसेबाईंनी बजावलं होतं तिला. समोरच्या डोंगरावर बर्फ वितळून काळी जमीन दिसायला लागते ना, तिचा आकार वाकून बी पेरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा असतो, आणि आधी दिसते ती त्याची टोपी. टोपी दिसली की राख. त्याआधी चिमूटभरही नाही.

तर झालं काय, मधेच हवा उबदार झाली. वळचणीतून पाणी ठिबकायला लागलं, ओढ्याकाठच्या वाळुंजीच्या झाडांना मऊ केसाळ कळ्या आल्या, तामाएनं अंगातलं कापूस भरलेलं जाकीट काढून फेकलं आणि समोर बघते तर डोंगरावर काळा डाग, वरून गोल, खाली रुंद. टोपीच! कुणाला तरी विचारावं, तर खरं सांगायचं म्हणजे तिला विचारायचंच नव्हतं. सहा महिने सगळं विचारून विचारूनच चाललं होतं तिचं, एकदा तरी आपल्या डोक्यानं काही करून दाखवायचं होतं. माळ्यावरची सगळी पोती तिनं वाफ्यावर रिकामी केली.

संध्याकाळी तिनं हे मोठ्या तोऱ्यात सासूला सांगितलं. टोपी कुठे दिसली, असं तोसेबाईंनी विचारलं. जुन्या देवदाराच्या बरोबर वर, असं ती म्हणाली. तोसेबाईंनी चुलीतले निखारे सारखे केले.

"अगं, तो खडक आहे," त्या म्हणाल्या. "कड्यावर बर्फ टिकत नाही. हिवाळाभर डोंगर ढगात होता म्हणून तुला दिसला नाही, एवढंच."

त्याच रात्री वारा फिरला. मग जे वादळ सुटलं ते थांबेचना. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. दाराच्या फटीतून आत, पांघरुणावर, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोच्या माठाच्या झाकणावरसुद्धा. तामाए छपरावर चढून बर्फ खाली ओढायची, उतरून पाणी पिईपर्यंत छप्पर पुन्हा पांढरं. उघडीप झाली तेव्हा वाफा कुठे आणि ओढा कुठे तेच कळेना. राख तर कुठल्या कुठे गाडली गेलेली.

आता करणार काय? चुलीतून रोज निघते ती ओंजळभर राख. मग तामाएनं जाळायला सुरुवात केली. आधी सरपण, मग सोयाबीनची वाळकी काटकं, मग मोडकी टोपली. तोसेबाई ओरडायच्या की राखेपायी घर जाळशील, आणि तरी ही चूल भडकवतेच आहे. छपरातून धूर असा निघायला लागला की ओढ्यापलीकडचे गेन्झोकाका धावत आले. त्यांना वाटलं तोसेबाईंचं काही बरंवाईट झालं आणि शेवटच्या अंघोळीचं पाणी तापतंय. आत बघतात तर म्हातारी मजेत मुळ्याचं लोणचं खातेय आणि सून काळी ठिक्कर पडून घामाघूम.

सांगावं लागलं. तामाएनं मान खाली घालून सगळं सांगितलं, गाणं सोडून.

गेन्झोकाका उठले. जोडे चढवले, बाहेर गेले आणि मग रस्त्यानं जाताना त्यांचं हसणं ऐकू आलं, लांबपर्यंत. तामाएला वाटलं, संपलं. आता गावभर होणार.

झालंच गावभर.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि रात्री कडाक्याची थंडी, त्यामुळे सकाळी बर्फ फरशीसारखा टणक. अशा सकाळी आमच्याकडे रस्ते लागत नाहीत, शेतं, कुंपणं, ओढा, सगळ्यावरून सरळ चालायचं. तामाएनं दार उघडलं तर चहूकडून माणसं येतायत, मागे घसरगाड्या, घसरगाड्यांवर पोती. प्रत्येकानं आपल्या राखेतली काढून आणलेली. वाफे तर त्यांचेही गाडलेलेच होते.

"घे बाई, खडकाची सून," हात्सुआजी म्हणाल्या. "आणि काटकं जाळू नकोस, तुझा धूर वर आमच्या घरात येतो, आमची सोयाबीन धुरकट लागेल."

तामाएला नको म्हणता येईना आणि घेताही येईना. तुम्हाला कमी पडेल, एवढंच कसंबसं म्हणाली.

"पडेल थोडी," गेन्झोकाका म्हणाले. "पण तुझा वाफा उघडला नाही तर पुढच्या हिवाळ्यात हसायला कोण राहणार आम्हाला?"

कालच्या उन्हात डोकावलेली खरी टोपी गेन्झोकाकांनी बोट करून तिला दाखवली, देवदाराच्या बरीच डावीकडे. मग तामाएनं राख टाकली, आणि बघणारे जवळ सरकले. आपण मूठ भरून भिरकावतो ना, ढीग इथे आणि रिकामं तिथे. ती बोटांतून सोडत होती, मनगट हलवत, माहेरी मासळीला मीठ लावायची तसं. एक जागा सुटली नाही.

आणि मग आली ती दक्षिणेची हवा. उबदार पाऊस, दरीत बर्फाचे कडे कोसळल्याचा गडगडाट, ओढा दुथडी. वाफ्यावरचा नवा बर्फ भराभर बसला आणि खालून काय वर यावं? तिची जुनी राख. गाण्याची राख. दोन थर एकावर एक आले, वाफा चुलीवरच्या तव्यासारखा काळा झाला आणि गावात सगळ्यात आधी जमीन उघडली ती तामाएची. बाकीच्यांचे वाफे, कमी राखेचे, अजून गुडघाभर बर्फात.

तामाए घरोघर गेली. दारात उभी राहून एकच सांगायची, बी घेऊन या, माझ्या वाफ्यात जागा आहे. तोसेबाई काठी टेकत ओढ्याकाठी आल्या. आठ घरांचं बी एका वाफ्यात पडलं, मधे वाळुंजीच्या काड्या खोचून आपापला कोपरा केलेला. गेन्झोकाका बी टाकता टाकता तिचं ते गाणं गुणगुणायला लागले, तेव्हा तामाएला कळलं की तेही सगळ्यांना माहीत आहे, आणि ती हसली, आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं.

काम आटपल्यावर तिनं एकेकाला वाकून नमस्कार केला. मग डोंगराकडे वळली, टोपीला केला. थोडी थांबली आणि उजवीकडे सरकून खडकालाही केला.

"त्याला कशाला?" तोसेबाईंनी विचारलं.

"अर्धी राख त्याच्यामुळेच पडली, आई," तामाए म्हणाली.